पाच आठवडे काटा ६९.६ वरच, डाएट आणि वॉक दोन्ही चालू आहे, पुढे काय करू?

उपवनवाली (ठाणे)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय कारण खरंच काही कळेनासं झालंय.

वय ४१, उंची १५८ सेमी. दिवाळी झाल्यावर ऑफिसच्या चेकअपमध्ये एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या सरासरी साखरेची टेस्ट, ६.१ आलं, डायबेटिसच्या अगदी उंबरठ्यावर. बाबांना पन्नाशीच्या आत डायबेटिस झाला होता आणि त्यांच्या पायाच्या जखमेचं ड्रेसिंग मी स्वतः आठ महिने केलंय, त्यामुळे तो आकडा बघितला आणि हातापायातलं बळच गेलं. त्याच आठवड्यात सुरुवात केली. तेव्हा वजन ७८.४. चहातली साखर बंद, रात्रीचा भात बंद, तळलेलं बंद, रोज सकाळी उपवन तलावाला फेऱ्या मारून तीन किलोमीटर. पहिल्या महिन्यात ३.८ किलो उतरलं, मग २.५, मग १.७, मग फक्त ०.८, आणि गेले पाच आठवडे काटा ६९.६ वर ढिम्म बसलाय. कधी ६९.४ कधी ७०.१, पण परत तिथेच.

मी काहीच बदललेलं नाहीये हो. पावणेसहाला उठून चालायला जाते, उन्हाळा असला तरी एक दिवस चुकवला नाही. ऑफिस ऐरोलीला आहे, डबा घरचाच. साधारण १५०० कॅलरीचा प्लॅन आहे, एका डाएटिशियनने नोव्हेंबरमध्ये दिलेला, पुढचा फॉलोअप महाग म्हणून घेतला नाही. थायरॉइड मागच्या महिन्यात केलं, नॉर्मल आहे. काल सासूबाई सहज म्हणाल्या की एवढं तोंड धरून काय उपयोग झाला, शरीराची ठेवणच तशी असते. त्यांच्या मनात वाईट नव्हतं पण मला रात्री झोप नाही लागली. आता सरळ १००० कॅलरीवर यावं का? की संध्याकाळी पण चालायला जाऊ? कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

नेरूळकर७९

ताई, आधी एक सांगतो, ७८.४ वरून ६९.६ म्हणजे ८.८ किलो, मूळ वजनाच्या अकरा टक्के. पाच ते दहा टक्के उतरलं तरी साखर आणि बीपीवर फरक पडतो असं डॉक्टर सांगतात, तुम्ही त्याच्या पुढे गेलायत. तुम्ही हे ज्या कारणासाठी सुरू केलं ते एचबीए१सी परत केलंत का? ती टेस्ट साधारण मागच्या तीन महिन्यांचं चित्र दाखवते, म्हणजे आता करायला हरकत नाही. काट्याच्या आधी ते बघा.

दुसरं, वजन कधी आणि कसं करता? मी ९२ वरून ८० वर आलोय, मध्ये दोनदा अडकलो, एकदा सात आठवडे. मला कळलेली गोष्ट अशी की एका दिवसाच्या आकड्यावर काहीच ठरवू नये. पनवेलला एका लग्नात जेवलो, मठ्ठा पापड लोणचं सगळं झालं, दुसऱ्या दिवशी १.२ किलो जास्त. आता १.२ किलो चरबी वाढायला नऊ हजाराच्या वर जादा कॅलरी खायला लागतात, एका जेवणात ते शक्य आहे का? ते मिठाने धरलेलं पाणी होतं, तीन दिवसांत गेलं. बायकांमध्ये पाळीच्या आधी पण एक-दीड किलो पाणी साठतं, माझ्या बायकोचं दर महिन्याला होतं. तर रोज सकाळी पोट साफ झाल्यावर वजन करा, लिहून ठेवा आणि सात दिवसांची सरासरी काढा, आणि ती सरासरी मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी ताडून बघा. आणि टेप घ्या, शिवणकामाची असते ती, बेंबीच्या लेव्हलला कंबर मोजा. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेमीच्या आत आणि पुरुषांसाठी ९० च्या आत असावी असं धरतात. माझे सात आठवडे काटा थांबला होता तेव्हा कंबर तीन सेमी उतरली होती, मी मोजली नसती तर सोडून दिलं असतं सगळं.

खारघर_रनर

१६:८ करा, म्हणजे सोळा तास उपास आणि आठ तासांतच खाणं, नाही जमलं तर दिवसातून एकच जेवण. चालण्याने काही होत नाही, बॉडीला सवय होते. मी सेंट्रल पार्कला रोज १० किमी पळतो, रिझल्ट बघा. प्लॅटोवर, म्हणजे वजन असं अडकलं की, एकच उपाय, अजून कमी खा आणि अजून हालचाल करा. १००० कॅलरी काही कमी नाहीत.

वाशीची_आहारवाली

रनरदादा, तुमचा उत्साह चांगला आहे पण हे सरसकट सांगू नका, कुणाचं तरी नुकसान होईल. मी गेली चौदा वर्षं आहार सल्ल्याचंच काम करते, वाशीतच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उपवनवाली, 'मी काहीच बदललं नाही' असं तुम्ही लिहिलंय, अगदी तिथेच गोम आहे. तुम्ही बदललात ना! नोव्हेंबरमध्ये ७८ किलोची बाई उपवनला चालत होती, आता ६९ किलोची चालते. आम्ही मिफ्लिन-सेंट जिओर नावाचं सूत्र वापरतो, १९९० पासूनचं आहे, कोणीही घरी करू शकतं. बायकांसाठी वजन गुणिले १०, अधिक सेंटीमीटरमधली उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, वजा १६१. तुमचे आकडे घालून बघितले. नोव्हेंबरमध्ये नुसतं पडून राहिलात तरी साधारण १४०५ कॅलरी लागत होत्या, आता १३१७. हालचालीसकट धरलं तर दिवसाला सव्वाशेच्या आसपास फरक. चालण्यातही तेच, तीन किलोमीटर तेवढेच पण ८.८ किलोचं ओझं कमी, म्हणजे जळणही त्या प्रमाणात कमी. त्याच्यावर शरीर आपणहून थोडी काटकसर करतं ती वेगळी.

पहिल्या महिन्यातले ३.८ किलो सगळी चरबी नव्हती. लिव्हर आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा असतो आणि त्याचा एक ग्रॅम स्वतःबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. खाणं कमी केलं की आधी हा साठा उतरतो, पाणी जातं, काटा धाडकन खाली येतो. प्रत्येकाला वाटतं हाच वेग पुढे राहणार, आणि नाही राहिला की आपणच काहीतरी चुकतोय असं वाटायला लागतं. रोज ५०० कमी खाल्ल्या की दर आठवड्याला अर्धा किलो कायम उतरत राहणार हे गणित इंटरनेटवर सगळीकडे दिसतं, ते तसं चालत नाही, कारण वजन उतरेल तशी गरजही उतरते.

पण, आणि हा पण महत्त्वाचा आहे, या हिशोबाने तुमचा वेग कमी व्हायला हवा होता, पूर्ण थांबायला नको होता. खरोखर १५०० जात असतील तर अजूनही दिवसाला तीनशेच्या आसपास तूट पडायला हवी, म्हणजे महिन्याला किलो-सव्वा किलो. म्हणजे उरलेलं कुठेतरी बारीक बारीक निसटतंय. खोटं बोलताय असं अजिबात म्हणत नाहीये, चौदा वर्षांत हे मी जवळजवळ प्रत्येकाच्या बाबतीत पाहिलंय, पहिल्या महिन्यात चमच्याने मोजलेलं तेल पाचव्या महिन्यात अंदाजाने पडायला लागतं. तुमच्या घरी तेल महिन्याला किती लागतं? माणसं किती?

१००० कॅलरीचं म्हणाल तर नको. तुमच्या नुसत्या श्वासाला १३१७ लागतात. एवढं कमी खाल्लं तर चरबीबरोबर स्नायू जातात, केस गळतात, झपाट्याने वजन उतरलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुण पुरुष स्वयंसेवकांवर सहा महिने अर्धपोटी ठेवण्याचा प्रयोग केला होता. धडधाकट पोरं होती ती. त्यांना सतत थंडी वाजायची, जिना चढवेना, चिडचिड, आणि दिवसरात्र डोक्यात फक्त खाणं. शरीर उपाशी राहिलं की ते आपल्याला हलूच देत नाही. मग सकाळी चाललेलं दिवसभर बसून भरून निघतं.

नेरूळकर७९

+१. शेवटचं वाक्य शंभर टक्के. माझं तेच झालं होतं. सकाळी पाम बीचला चालून यायचो आणि मग दिवसभर पोराला हाका मारायचो, पाणी आण, रिमोट दे.

काकू_कोपरखैरणे

बाळा उपवनवाली, मी ५८ वर्षांची आहे, तुझ्यापेक्षा खूप मोठी म्हणून अगं-तुगं करते. मला गुडघ्याचा त्रास होता, दोन वर्षं निसर्ग उद्यानात चालत होते, वजन एका जागी थांबलं आणि गुडघेही दुखायचे ते दुखायचेच. ऑर्थोच्या डॉक्टरांनी सांगितलं मांड्यांमध्ये ताकद नाही, ती करा. आधी घरीच, खुर्चीवरून हात न टेकता उठायचं बसायचं, दहा वेळा. पहिल्या दिवशी चारच झाले आणि दुसऱ्या दिवशी संडासला बसताना जीव गेला. मग पाण्याच्या दोन लिटरच्या बाटल्या हातात घेऊन. आता सहा महिन्यांपासून सेक्टरमधल्या जिमला जाते आठवड्यातून तीन दिवस, बारा किलोचं वजन छातीशी धरून बैठका मारते, साडी नेसून गेले असते तरी मारल्या असत्या इतकं अंगवळणी पडलंय.

काटा म्हणशील तर पहिले तीन महिने अर्धा किलोसुद्धा नाही हलला. पण भाचीच्या लग्नाला जुने ब्लाउज काढले तर सगळे ढगळे. शिंपीण म्हणाली मावशी, दोन्ही बाजूंनी मिळून दीड इंच आत घ्यावं लागेल, तिने माझ्यासमोर शिलाई उसवली आणि आतली टीप दाखवली, दहा वर्षांपूर्वी मी वाढवून घेतलेली जागा होती ती. मी तिथे रडले गं दुकानात. तू दोन दिवस तरी वजन उचलायला सुरुवात कर, नुसतं चालणं पुरत नाही आपल्या वयाला.

वाशीची_आहारवाली

काकू, किती छान लिहिलंत! आणि बरोबर आहे, जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि त्याशिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते, आपल्याकडे दुसरा भाग सगळे विसरतात. फक्त एक, जिममध्ये सांगतात की स्नायू वाढले की झोपेतही भरपूर कॅलरी जळतात, तसं नाहीये. एक किलो स्नायू आराम करताना दिवसाला जेमतेम १३ कॅलरी वापरतो. फायदा वेगळा आहे, तूट असताना शरीर स्नायू न मोडता चरबी मोडतं, साखर चांगली वापरली जाते, आणि तुम्ही दिवसभर जास्त हलता. ताईंच्या घरी डायबेटिस आहे म्हणून त्यांना हे जास्तच लागू. आणि सुरुवातीच्या आठवड्यांत स्नायू दुखतात तेव्हा पाणी धरतात, काटा अर्धा-एक किलो वर जाईल, घाबरू नका.

प्रोटीनचं पण बघा. वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम ही आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) सांगितलेली साधी गरज, म्हणजे तुम्हाला निदान ५८ ग्रॅम, तूट असताना त्याहून जास्त बरं. दोन पोळ्या, एक वाटी वरण, एक वाटी भाजी यात पंधराच्या वर जात नाही. अंडं सहा ग्रॅम, १०० ग्रॅम पनीर अठराच्या आसपास, ५० ग्रॅम कोरडे सोया चंक्स पंचवीस. मासे खात असाल तर प्रश्नच नाही.

उपवनवाली

सगळ्यांचे खूप खूप आभार, सहा दिवस उत्तर दिलं नाही कारण तुम्ही सांगितलं ते सगळं मोजत होते.

तेल. घरात चार माणसं, पाच लिटरचा डबा बरोबर महिनाभर जातो. मी कागदावर मांडलं, पाच लिटर म्हणजे साधारण साडेचार किलो, भागिले तीस भागिले चार, माणशी रोज ३८ ग्रॅम. नुसत्या तेलाच्या ३४० कॅलरी!! माझ्या प्लॅनमध्ये दिवसाला तीन छोटे चमचे लिहिलेत, १५ ग्रॅम. मी स्वयंपाक करताना बघितलं तर मी चमचा वापरतच नाहीये, फोडणीला डब्यातून छोट्या पळीने घेते आणि ती पळी किचनच्या काट्यावर ठेवली तर भरून २२ ग्रॅम. भाजीला एक, आमटीला एक, पोळ्यांना वेगळं. सुरुवातीला माझी भाजी वेगळी काढायचे, ते कधी बंद झालं आठवतही नाही.

मग दाण्याचं कूट. आमच्याकडे प्रत्येक भाजीत, काकडीच्या कोशिंबिरीत, उपासाला तर विचारूच नका. आणि लेकाच्या ताटातलं उरलेलं, अर्धी पोळी, दोन घास वरणभात, ते टाकवत नाही म्हणून माझ्याच तोंडात. हे मी कधीच खाणं म्हणून धरलं नव्हतं.

पण मला सगळ्यात जास्त धक्का बसला तो फोनमधल्या स्टेप्स बघून. मी चालणं एक दिवस चुकवलं नाही असं लिहिलं होतं आणि ते खरं आहे. तरी डिसेंबरची सरासरी ९४०० आणि एप्रिलची ६१००. सकाळच्या फेऱ्या त्याच, बाकीचा दिवस आकसलाय. डिसेंबरमध्ये ठाणे स्टेशनला दहा नंबरला जायला मी जिना चढायचे, आता सरकत्या जिन्याच्या रांगेत उभी राहते. जेवल्यावर ऑफिसच्या आवारात एक चक्कर असायची, ती उन्हामुळे बंद. घरी आल्यावर सोफा. दही आणायला लेक जातो. मला वाटायचं उन्हाने थकवा येतोय.

नेरूळकरदादा, कंबर आज ९१ आहे, आधीची मोजलेलीच नाही, त्याचं फार वाईट वाटतंय. एचबीए१सी शनिवारी देते.

वाशीची_आहारवाली

हे इतकं प्रामाणिकपणे मोजून बघणारे फार थोडे असतात. आता खाणं अजून कमी करू नका, फक्त प्लॅनमध्ये जे लिहिलंय ते खरोखर तेवढंच होऊ दे. तेलाची सकाळीच एक छोटी वाटी काढून ठेवा, चार जणांचं दिवसाचं ८० ग्रॅम, माणशी २०, आयसीएमआरने सांगितलेल्या २० ते ३० च्या खालच्या टोकाला. तुमच्या प्लॅनच्या पंधरापेक्षा पाच जास्त आहे पण घरात सगळ्यांना झेपेल आणि टिकेल, तेवढं कूट कमी घाला म्हणजे भरून निघेल. वाटी संपली की संपली. सासूबाई आणि मुलाचाही त्यात फायदाच आहे, वेगळी भाजी काढायची गरज नाही. आणि कधी अगदीच कंटाळा आला तर आठ-दहा दिवस वजन फक्त टिकवायचं असं ठरवून खाल्लं तरी चालतं. ऑस्ट्रेलियात पुरुषांवर केलेल्या एका अभ्यासात दोन आठवडे डाएट दोन आठवडे ब्रेक असं करणाऱ्यांचं जास्त उतरलं होतं. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत तसा फायदा दिसला नाही, पण मनाला विसावा मिळतो हे मी पाहिलंय.

खारघर_रनर

ताई, माझ्या प्रतिसादाबद्दल सॉरी. मी २९ वर्षांचा आहे, मला चाललं म्हणून सगळ्यांना चालेल असं वाटलं. तो स्टेप्सवाला भाग वाचून मी पण माझे बघितले, पळून आल्यावर लॅपटॉपसमोर दिवसभर बसतो, फार काही वेगळं नाहीये माझं.

काकू_कोपरखैरणे

लेकाच्या ताटातलं खाणं बंद कर, त्याला वाढतानाच कमी वाढ, लागलं तर मागेल. मी तीस वर्षं हेच केलं, घरातल्या कुणी कधी विचारलं नाही की आई तू किती वेळा जेवतेस.

उपवनवाली

तीन आठवड्यांनी अपडेट देतेय.

एचबीए१सी ५.६ आलं. ५.७ च्या खाली म्हणजे नॉर्मल, डॉक्टर म्हणाले वर्षातून दोनदा करत राहा. रिपोर्ट मी लॅबच्या खाली रस्त्यातच उघडला आणि आधी आईला फोन लावला, बाबा गेल्यापासून तिला माझीच काळजी आहे. ती काही बोललीच नाही थोडा वेळ.

वजनाची सात दिवसांची सरासरी ६९.६ वरून ६९.०. फार नाही पण हललं. कंबर ८९.५. तेलाची वाटी चालू आहे, पहिल्या आठवड्यात दोनदा संध्याकाळच्या भाजीला तेलच उरलं नाही तर पाण्यावर शिजवली, सासूबाईंनी चव बरी लागतेय म्हणून स्वतः विचारलं काय घातलंस. स्टेप्स ८८०० पर्यंत आल्या, दहा नंबरचा जिना परत सुरू. काकू, खुर्चीवरून उठायचं रोज करते, पंधरा होतात. एक दिवस वाईट गेला, मैत्रिणीच्या घरी जेवण होतं आणि दुसऱ्या दिवशी ७०.२, पूर्वी मी त्या दिवशी उपाशी राहिले असते, यावेळी नेहमीसारखी जेवले आणि चौथ्या दिवशी उतरलं.

एक शेवटचा प्रश्न, गावाहून हापूसची पेटी आली आहे. खाऊ का? गेल्या वर्षी आम्ही दोन पेट्या संपवल्या होत्या आणि घरात सगळे रोज आमरस मागतायत.

वाशीची_आहारवाली

खा की! शंभर ग्रॅम गराच्या साठच्या आसपास कॅलरी, एक मध्यम आंबा दिवसाला आरामात बसतो. फक्त रस न काढता कापून खा, रसाची वाटी भरली की त्यात कधी दोन-तीन आंबे गेले कळत नाही, आणि वरून साखर नि तूप. जेवणात एक पोळी कमी करून त्या जागी घ्या, जोडीला उसळ किंवा अंडं असू दे म्हणजे साखर एकदम चढणार नाही. तुमच्याकडे ग्लुकोमीटर असेल तर आंबा खाल्ल्यावर दोन तासांनी एकदा बघून ठेवा.

उपवनवाली

बाबांचं मशीन आहे माझ्याकडे, पट्ट्या आणायला हव्यात नवीन. उद्या आणते आणि दुपारी आंबा खाऊन इथे आकडा टाकते.